घट किती आली?

रेणावीच्या घाटाखाली
पाण्याची पाइप शोधता शोधता
जेसीबीनं आमची केबल उचकटली.
दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.
लेंगऱ्याच्या बँकेत पासबुक छापणारं यंत्र
अर्ध्या ओळीवर थांबलं,
रेशन दुकानात म्हाताऱ्यांचे अंगठे
पदराला, धोतराला पुसून पुसून लाल झाले,
आणि माझा फोन वाजायला लागला, तो वाजतच राहिला.

कागदावर सगळं लिहिलेलं असतं:
खोली एक मीटर पासष्ट,
वर वाळू, वाळूवर इशाऱ्याची पट्टी,
वळण केबलच्या जाडीच्या वीसपट,
त्याहून आत वाकवायचं नाही.
लिहिणाऱ्यानं घाटमाथ्यावरचा कातळ पाहिला नसावा.
इथं दोन फुटांवर पहार ठणकन बोलते.
चार वर्षांपूर्वी याच जागी
ठेकेदार सुबराव म्हणाला होता,
झाका. फोटोत टेप जरा तिरका धरा.

तिरका टेप मी धरला होता.

खड्ड्यात बसलो. इलाही मुलाणीनं
वाऱ्याच्या अंगाला ताडपत्री धरली.
वर टेकडीवर पवनचक्क्या, त्यांना काय, फिरताहेत.
चोवीस तंतू, बारा-बाराच्या दोन नळ्या.
निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा,
लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी,
आणि बारावा फिकट, ज्याला आम्ही नुसतं ‘पाणी’ म्हणतो.
निळ्याला निळा. पाण्याला पाणी.
सोलायचं, जेली पुसायची,
स्पिरिटच्या कापसात काच चुईं वाजली की समजायचं, स्वच्छ.
काप काटकोनात. अंशभर तिरका असला
तर यंत्र घेत नाही, परत कर म्हणतं.
तुटका तुकडा लगेच डबीत टाकायचा,
बोटात गेला तर दिसत नाही, नुसता सलतो.

आठ वाजता आबा भाकरी घेऊन आले
आणि खड्ड्याच्या काठावर टेकले.
तीस वर्षं कोइमतूरला गलाईत काढली त्यांनी.
मूस, भट्टी, तेजाबाचा धूर;
सोनं लोकांचं, खोकला तेवढा घरी आणला.
यंत्राच्या पडद्यावर काचेची दोन टोकं
उसाच्या कांड्यांएवढी दिसत होती.
ठिणगी पडली, टोकं मऊ झाली,
एकमेकांत शिरली.

“घट किती आली रं?”
पॉइंट झिरो टू.
“कशाची?”
उजेडाची, आबा.
ते बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.
“आमच्यात घट जास्त आली
की गिऱ्हाईक पहिलं इचारायचं,
कुणाच्या खिशात गेली.”

मी सतराव्या तंतूवर होतो. लाल.
हात हलला. परत सोलला.

खरं तर चोवीसपैकी चालतात सहाच.
बाकी अठरा अंधारात पडून असतात,
पुढंमागं कुणाला लागतील म्हणून.
तरी जोडायचे सगळे, तेवढ्याच निगुतीनं.
आबांना हे मात्र लगेच पटलं.
त्यांनी विचारलं, चालत्यातला उजेड बघता येतो का.
नाही म्हटलं. तो दिसणारा नसतो,
आणि डोळा लावायचा नाही, डोळा जातो.
“भट्टीचंबी तसंच,” म्हणाले, आणि खोकले.

साडेबाराला लेंगऱ्यातून फोन आला:
हिरवी लागली.
इलाहीनं ताडपत्री सोडली, ती जवळजवळ उडालीच.

झाकायच्या आधी खोलीचा फोटो पाठवायचा असतो.
इलाही बॅटरी धरून उभा राहिला
आणि सवयीनं माझ्या मनगटाकडं बघत राहिला.
मी टेप तळाला टेकवला, सरळ.
दोन फूट तीन इंच.
घट, तीन फूट दोन इंच.
फोटो पाठवला.
दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

आबा भाकरीचं फडकं झटकत
गाडीकडं चालायला लागले होते.
मी पहिलं खोरं माती ओढली.
मग थांबलो, आणि इलाहीला म्हणालो,
पहार आण.